राक्षसाचा यजमान

आमच्या गल्लीत सांड शिरला की शहाणी माणसं जवळच्या ओट्यावर चढायची. काशीतल्या दूधविनायकच्या गल्ल्या अशा, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने खांदा तिरका करायचा. सांडाला अख्खी गल्लीच लागायची. गुरुजी मात्र धोतराचा सोगा हातात धरून, सांड जिकडे पाहील तिकडे मान वळवत खाली उभे. "आता हा कुणाकडे जाईल, सांगा बरं," असं ते ओट्यावरच्यांना विचारायचे. ओट्यावरच्यांना उत्तरात काडीचाही रस नसायचा. सांड निघून गेला की गुरुजी एकेकाला गाठून समजावायचे, की लोक उगाच लाल रंगाचं नाव घेतात. लाल साडीवाल्या बाईंकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तो गेला भाजीच्या टोपलीकडे, आणि टोपलीवाला पळाला म्हणून टोपलीवाल्याच्या मागे. "पळाला नसता तर नुसती भाजी गेली असती," एवढं सांगून ते समाधानाने दुर्गाघाटाकडे आंघोळीला निघायचे.

घाटावरही त्यांचं हेच. नाववाला नेमका कोणत्या यात्रेकरूला हाक मारतो, दहा जणांच्या घोळक्यातून नेमका नवखा माणूस कसा हेरतो, हे ते ओल्या अंगाने पायरीवर बसून बघत राहायचे. बघणाऱ्याला वाटे, हे ध्यान करताहेत. एकदा तर एका नाववाल्याला त्यांनी सरळ विचारलंच, "तू यांना सोडून त्यांनाच का पकडलंस?" नाववाला ओशाळून म्हणाला, "गुरुजी, चप्पल हातात धरलीय त्यांनी." गुरुजी एवढे खूश झाले की त्याच्याच नावेतून उगाचच एक फेरी मारून आले.

हा सगळा अभ्यास राक्षसांसाठी चालायचा. सांगते.

गुरुजी वेदपाठशाळेत व्याकरण शिकवायचे. एकटा जीव. आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर, छताला लागून असलेल्या खोलीत राहायचे. बाबांचे जुने स्नेही, त्यामुळे आईला ते वहिनी म्हणत आणि आई त्यांना भाऊजी. नव्वदच्या दशकात काशीत परदेशी विद्यार्थी पुष्कळ यायचे; त्यांतला एक उंच, पिंगट केसांचा मुलगा गुरुजींकडे पाणिनी शिकायला येऊ लागला. त्याचं नाव आमच्यापैकी कुणालाच नीट उच्चारता येत नसे, त्यालाही आमची येत नसत, त्यामुळे हिशेब बरोबर होता. व्याकरणाच्या बदल्यात त्याने गुरुजींना एक खेळ शिकवला. जाताना खेळाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि तऱ्हेतऱ्हेच्या आकारांचे फासे तो त्यांच्याकडेच ठेवून गेला.

खेळ असा, की एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी मांत्रिक. आपण म्हणायचं, "मी दार ढकलतो." मग दाराआड काय आहे ते गोष्ट सांगणारा सांगणार. दाराआड बहुतेक वेळा राक्षस असायचा. मग मारामारी, आणि कुणाचा वार लागला हे फाशावर. प्रत्येकाला ठरावीक प्राण मिळायचे, वार लागला की त्यांतले काही जायचे. सगळ्यांत महत्त्वाचा विसाचा फासा, म्हणजे वीस पैलूंचा. गुरुजी तो तांब्याच्या ताम्हणात टाकायला लावायचे. ठण् असा आवाज आला म्हणजे टाकलेला फासा खरा. सतरंजीवर घरंगळला तर पुन्हा.

हे पुस्तक गुरुजींनी कोश मांडीवर घेऊन ओळीओळीने वाचून काढलं. त्यात भिंत कशी चढायची, विष किती चढतं, अंधारात किती हात दिसतं, सगळ्याचे नियम. पण समोर चौघं उभी असताना राक्षसाने कुणावर जायचं? त्याबद्दल एवढंच, की ते गोष्ट सांगणाऱ्याने ठरवावं. गुरुजींना ही गोष्ट फारच लागली. "भिंतीला सूत्र आहे, विषाला सूत्र आहे, आणि जिवावरच्या गोष्टीला सूत्र नाही! हे शास्त्र म्हणायचं की गंमत?" मग त्यांनी स्वतःच सूत्रं करायला घेतली. समीपे मूढः. म्हणजे मूर्ख राक्षस जवळ असेल त्याच्यावर. प्रहर्तरि क्रुद्धः. चिडलेला, ज्याने मारलं त्याच्यावर. स्थूले क्षुधितः. हे भुकेल्याचं, आणि ते ऐकलं की श्रीपाद पोट आत घ्यायचा. श्रीपाद पाठशाळेतला त्यांचा विद्यार्थी, अंगाने भरलेला. गोष्टीत तो वैद्य असायचा.

आम्ही खेळायचो प्रतिपदेला आणि अष्टमीला, कारण त्या दिवशी पाठशाळेला अनध्याय. वेद बंद म्हणजे राक्षस सुरू. ऊन उतरलं की गुरुजींच्या खोलीत सतरंजी पडायची. श्रीपाद, मी, आणि खालच्या दूधवाल्याचा मुन्ना, जो गोष्टीत चोर होता. मुन्ना यादवांचा, पण आमच्या गल्लीत वाढलेला, त्यामुळे मराठी फर्डी बोलायचा. घाबरला की मात्र त्याची बनारसी बाहेर पडायची. तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांची असेन. गोष्टीत मी मांत्रिक होते, आणि मांत्रिकाच्या हातात दिवा असायचा.

राक्षस चालून यायची वेळ झाली की गुरुजी पळीने तळहातावर पाणी घेत आणि राक्षसाच्या वतीने संकल्प सोडत. कुठल्याही पूजेच्या आधी यजमानाने आपलं गोत्र, नाव आणि काय कारणाने काय करणार ते सांगून पाणी सोडायचं असतं, तसा. "गुहावासी, तीन दिवस उपाशी असा मी, समोरच्या या स्थूल वैद्याचं भक्षण करीन." हे आधी संस्कृतात आणि मग मुन्नासाठी मराठीत. कारण सांगता आलं नाही तर राक्षसाला जागचं हलता येत नसे, हा गुरुजींचा स्वतःचा नियम. आणि ज्याच्यावर राक्षस जाणार, त्याला ते म्हणायचे यजमान. आता संकल्प सोडणारा राक्षस, तेव्हा खरं तर यजमान तोच, असं श्रीपादने एकदा भीत भीत म्हटलं. गुरुजी म्हणाले, "भोजन कुणाच्या जिवावर होणार आहे? मग यजमान कोण?"  राक्षस झाले की गुरुजी यजमानाला आपण म्हणायचे. "राक्षस आपल्याकडे येत आहे, मुन्नाजी." हे ऐकून मुन्नाला जास्तच घाम फुटायचा.

या यजमानापायी एकदा काय झालं! शेजारच्या घरात बँकेतले देशपांडे नवे राहायला आले होते, बदली होऊन थेट साताऱ्याहून. त्या रविवारी अष्टमी होती. देशपांडे घाटावर पोहायला गेलेले, आणि देशपांडेवहिनी छतावर कपडे वाळत घालत होत्या. आमची मारामारी रंगात आली होती. "यजमान पाण्यात आहेत ना? झालं तर! मगर पाय धरते," गुरुजींचा आवाज छतावरून गेला. पाठोपाठ ठण्, आणि गुरुजी ओरडले, "संपलं! यजमानांचे सगळे प्राण गेले!" साताऱ्याकडे बाई नवऱ्याला यजमान म्हणते हे गुरुजींच्या गावीही नव्हतं. आमच्या काशीच्या मराठीत यजमान म्हणजे पूजा करवून घेणारा, एवढंच. देशपांडेवहिनी ओल्या चादरीसकट जिना उतरून घाटाकडे धावल्या. वाटेत त्यांना देशपांडे भेटले, डोकं पुसत, मजेत कचोरी खात. वहिनींनी आधी रडून घेतलं, मग भर गल्लीत त्यांना झापलं.

देशपांडे तावातावाने वर आले. आपल्याला परस्पर मारलं कुणी, ते त्यांना बघायचं होतं. गुरुजींनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, मगर कुठून आली, मुन्नाच का धरला, तो नदीत का उतरला होता, सगळं सविस्तर सांगितलं. देशपांडे ऐकत राहिले. मग म्हणाले, "पण मगरीने याचा पाय धरला तेव्हा बाकीचे काय करत होते? एक लढवय्या नको का तुमच्यात?" झालं. पुढच्या प्रतिपदेपासून बँक सुटली की देशपांडे थेट वर यायचे. "तुम्ही लोक मराठी बोलता की हिंदी, तेच कळत नाही," असं म्हणत म्हणत आम्हा सगळ्यांच्या पुढे तलवार घेऊन उभे राहायचे.

हे देशपांडे वाद घालण्यात पटाईत. एकदा फासा ताम्हणाच्या काठाला टेकून तिरपा उभा राहिला, त्यावरून ते गुरुजींशी असे भांडले की गुरुजींचे कान लाल झाले. गोष्टीत त्या वेळी एक राक्षसीण होती आणि देशपांड्यांनीच तिच्यावर नुकताच वार केला होता. सूत्राप्रमाणे ती त्यांच्यावरच जायला हवी. गुरुजींनी हातात पाणी घेतलं आणि तसंच ताम्हणात ओतून टाकलं. "हा राग तिचा की माझा, ते कळेना," म्हणाले आणि उठून छतावर गेले. आम्ही बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ते परत आले, शांतपणे पाणी घेतलं आणि राक्षसिणीच्या रागाने देशपांड्यांना यथास्थित बदडून काढलं.

माकडाचा प्रसंगही सांगायलाच हवा. छताकडचं दार उघडं राहिलं आणि एक वानर आत आलं. देशपांड्यांच्या हातात काठी होती, मुन्ना दाराशी होता, माझ्यासमोर शेंगदाणे होते. वानराने आम्हा तिघांना सोडलं आणि पाठ करून बसलेल्या श्रीपादच्या खांद्यावरून हात घालून विसाचा फासा पळवला. आम्ही आरडाओरडा करतोय आणि गुरुजी कठड्याशी उभे राहून, "पाठमोरा! अरे, पाठमोरा होता म्हणून!" असं आनंदाने ओरडताहेत. शेवटी केळ्याच्या बदल्यात फासा परत मिळाला, एका कोपऱ्यावर दाताची खूण घेऊन. पुढचा महिनाभर आमचे सगळे राक्षस मागून यायचे, आणि आम्ही चौघंही भिंतीला पाठ लावून खेळायचो.

दिवेलागणीला खेळ बंद. गुरुजींची सायंसंध्या असायची, तिच्यापुढे राक्षसाचं काही चालत नसे. त्याचा हात हवेत असला तर तो तसाच हवेत राहायचा, पुढच्या अनध्यायापर्यंत. मुन्ना एकदा आठवडाभर अशा उगारलेल्या गदेखाली राहिला. त्या आठवड्यात तो गिऱ्हाइकांना दूध घालतानासुद्धा मान खाली घालून असायचा, असं त्याचा बाप तक्रारीच्या सुरात सांगत होता.

आता माझं.

लहानपणी मला सांध्यांचा ताप आला होता आणि तो जाताना हृदयाला धक्का देऊन गेला. किती वर्षं दर महिन्याला इंजेक्शन. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, आता काही नाही, हिला पळू द्या, खेळू द्या. बाबांनी ते ऐकलं. आईने डॉक्टरांचा फक्त चेहरा बघितला आणि घरी आल्यावर मला आधीसारखंच जपायला लागली. घाट उतरायचा नाही, पाण्याची बादली उचलायची नाही, गर्दीत जायचं नाही. आईचं बघून सगळी गल्ली मला जपायची. ज्या गल्लीत कुणी कुणाची चेष्टा केल्याशिवाय पुढे जात नाही, तिथे माझी चेष्टा कुणी करायचं नाही. मला बघून मुलं हसायची थांबायची. जपणारी माणसं चांगली असतात हे मला कळत होतं, म्हणून तर कुणावर चिडताही यायचं नाही. फार एकटं वाटायचं.

गुरुजींच्या खोलीत मी तेवढ्यासाठी जायचे. तिथे राक्षस होते, आणि राक्षसांना माझं हृदय ठाऊक नव्हतं.

म्हणजे मला तसं वाटत होतं. हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं, की राक्षस माझ्यापाशी आला की संकल्प लांबायचा. इतरांच्या वेळी एका श्वासात संपणारा संकल्प माझ्या वेळी वळसे घ्यायचा. एकदा गुहेत अस्वल होतं. मूर्ख, चिडकं, माझ्यापासून हातभर अंतरावर. गुरुजी पाणी हातात घेऊन सांगू लागले, की या अस्वलाला लहानपणी मधमाशी चावली होती, तेव्हापासून त्याला उजव्या बाजूची भीती वाटते, आणि वैद्याच्या झोळीत तूप आहे, तुपाचा वास वाऱ्यावर येत आहे, म्हणून... अस्वल मला वळसा घालून, मधला ओढा ओलांडून श्रीपादवर गेलं.  मुन्नाला राहवलं नाही. "गुरुजी, ई भालू आन्हर हौ का?" अस्वल आंधळं आहे का, असं तो विचारत होता.

 मी पाहिलं, त्यांचे कान लाल झाले होते.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी जिन्यात थांबले. गुरुजी संध्येचं पाणी घेऊन येत होते. मी विचारलं, "गुरुजी, राक्षस माझ्यावर का येत नाही?"

"येईल की. येतील. राक्षसांना काय तोटा आहे?"

"एवढ्या दिवसांत एकदाही आला नाही. मुन्ना दोनदा मेला. श्रीपादचं तर विचारूच नका. माझा एक प्राण गेलेला नाही."

गुरुजींनी तांब्या पायरीवर ठेवला. म्हणाले, "तुझ्या आईला मी शब्द दिलाय. तुला खेळायला पाठवताना वहिनी म्हणाल्या होत्या, भाऊजी, तिला धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका. मी हो म्हटलं. मला वाटलं, खेळ तर आहे. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की यात खोटं बोलावं लागेल."

"मग मी खेळते कशाला? गल्लीत आहे तेच इथेही आहे," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. गुरुजींसमोर मी कधी रडले नव्हते. ते तांब्या उचलून वर निघून गेले.

पुढच्या अष्टमीला आम्ही वर गेलो तर सतरंजी घातलेली नव्हती. गुरुजी दारातच म्हणाले, "आज खेळ नाही. राक्षसांना सुतक आहे." देशपांड्यांनी विचारलं, कोण गेलं? "सांगतो नंतर," म्हणून गुरुजींनी दार लावून घेतलं. मुन्नाला ते खरंच वाटलं. तो खाली जाऊन हळू आवाजात सगळ्यांना सांगत होता.  मला मात्र वाटलं, माझ्यामुळे खेळ गेला. शब्द मोडणं गुरुजींना जमणार नाही आणि खोटा संकल्प आता त्यांच्याच्याने सोडवणार नाही. मग उरतं काय? आणि समजा त्यांनी आईला विचारलं, तर आई नाहीच म्हणणार. मग तर मला वर जाणंच बंद.

प्रतिपदेच्या दिवशी गुरुजी आमच्या घरी खाली आले. आई वाती वळत बसली होती. "वहिनी," ते म्हणाले, "आज तुम्ही वर यायचं. वाती घेऊन या, तिथे वळा."

"मी? मला काय कळतंय तुमच्या त्या राक्षसांतलं?"

"म्हणूनच."

आई आली. माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली, पुढ्यात कापूस घेतला. देशपांडे अवघडून ताठ बसले. मुन्नाने आईला नमस्कार केला. गोष्ट सुरू झाली. आम्ही एका जमिनीखालच्या देवळात शिरलो होतो. आत मिट्ट काळोख. देशपांडे पुढे, तलवार उपसून; मुन्ना आणि श्रीपाद बाजूला; मागे मी, दिवा वर धरून. खांबाआडून एक निशाचर निघाला. गुरुजींनी त्याचं वर्णन केलं: घुबडासारखं तोंड, अंधारात जन्मलेला, धूर्त, उजेडाने ज्याचे डोळे जळतात असा. वर्णन करताना ते एकदाही माझ्याकडे बघत नव्हते. मग त्यांनी पळीने तळहातावर पाणी घेतलं.

"भूगर्भवासी, उजेडाने पीडित असा मी," त्यांनी सुरुवात केली, "समोर उभ्या असलेल्या या..." आणि थांबले. बोटांच्या फटींतून पाणी ठिबकायला लागलं. आम्ही सगळे बघत होतो. त्यांनी पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा तिथपर्यंत आले, पुन्हा अडले.

"वहिनी," ते म्हणाले, "माझा राक्षस अडलाय. मी तुम्हाला शब्द दिला होता, तो मी पाळलाही. पण त्यापायी माझे राक्षस खोटं बोलायला लागले. आता तुम्हीच सांगा. हा कुणावर जाईल?"

आईला काही कळेना. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

देशपांडे पटकन म्हणाले, "अहो, त्यात काय विचारायचं? मी पुढे आहे. माझ्यावरच येऊ द्या त्याला."

"नाहीतर माझ्यावर," श्रीपाद म्हणाला. "माझ्या झोळीत तूप आहे."

"हम हई न," मुन्ना छातीवर हात ठेवून म्हणाला. "हमपे आवे."

आईच्या हातातली वात तशीच राहिली. ती देशपांड्यांकडे बघत होती, मग श्रीपादकडे, मग मुन्नाकडे. तिघं मोठ्या प्रेमाने मला झाकायला बघत होते. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी मी मान खाली घातली नाही. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं, ते मला तिने कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

"असं कसं?" आई हळूच म्हणाली. "भाऊजी, त्याला उजेड सोसत नाही म्हणालात ना?"

"नाही सोसत."

"मग तो तलवारवाल्याकडे कशाला जाईल? तूप घेऊन तो काय करणार? दिवा विझवायला नको का त्याला आधी?" ती थांबली. हातातली वात तिने खाली ठेवली. "दिवा हिच्या हातात आहे. हिच्यावर येईल."

मुन्नाचा छातीवरचा हात खाली आला.

"येऊ दे?" गुरुजींनी विचारलं.

"येऊ दे," आई म्हणाली.

"दीपे निशाचरः," गुरुजी पुटपुटले. "वहिनी, हे सूत्र तुमचं." त्यांनी पाणी घेतलं आणि एका श्वासात, कुठलाही वळसा न घेता संकल्प सोडला: या दीपधारी मांत्रिकावर मी झडप घालीन. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "राक्षस आपल्याकडे येत आहे." मला पहिल्यांदाच त्यांनी आपण म्हटलं.

फासा ताम्हणात पडला. ठण्. सतरा. वार पुरता लागला. दिवा हातून पडला, मी खांबावर आदळले, माझे निम्म्याहून जास्त प्राण गेले. गुरुजींनी एकही प्राण कमी सांगितला नाही. माझं हृदय धडधडत होतं, अगदी खरोखरीचं, आणि त्याला काहीही झालं नाही. आईचा हात माझ्या पाठीवर आला आणि लगेच मागे गेला.

"फार लागलं का?" तिने गुरुजींना विचारलं.

"फार लागलं, वहिनी."

"मग आता पाळी कुणाची?"

"हिचीच."

"मग बसलीस काय अशी?" आई माझ्यावर ओरडली. ती माझ्यावर ओरडली! "मार की त्याला!"

मी फासा उचलला. तो कसाबसा ताम्हणात पडला. दोन. वीस पैलूंतले फक्त दोन. माझा मंत्र खांबावर जाऊन फुटला.

"चालेल, चालेल," देशपांडे घाईने म्हणाले. "लहान आहे. पहिल्यांदाच मार खाल्लाय तिने. आणखी एकदा टाकू द्या."

"का म्हणून?" आई म्हणाली. "तुम्हाला देतात का?"

गुरुजींनी मान खाली घालून पळी हातात घेतली. ते हसत होते की काय, मला नीट दिसलं नाही. तळहातावर पाणी घेऊन त्यांनी पुन्हा संकल्प सोडला, तोच, तेवढाच छोटा. राक्षस पुन्हा माझ्याकडे वळला. इतकी सुखी मी त्याआधी कधी झाले नव्हते.